कणांचे माप आणि आकार कसे ठरवावेत: चाळणी-विश्लेषणाची टप्प्याटप्प्याने पद्धत

चाळणी-विश्लेषण हा यांत्रिक क्रियांच्या प्रयोगशाळेतील सर्वांत साधा प्रयोग समजला जातो. चाळण्या रचायच्या, नमुना ओतायचा, शेकर (चाळण्या हलवणारे यंत्र) दहा मिनिटे चालवायचा, वजने घ्यायची आणि सूत्रात आकडे भरायचे, एवढेच त्यात आहे असे विद्यार्थ्यांना वाटते आणि कारखान्यातील नव्या सहकाऱ्यांनाही वाटते. मग एकाच पोत्यातील दोन नमुन्यांचे निकाल जुळत नाहीत, लेझर यंत्राचा आकडा चाळणीच्या आकड्यापेक्षा वेगळा येतो आणि सरासरी व्यास मोजणाऱ्या माणसागणिक बदलतो. बहुतेक वेळा दोष शेकरचा नसतो. चूक नमुना घेताना, तळपात्रातील (सर्वांत खालच्या भांड्यातील) चुराची नोंद करताना किंवा कणाचे ‘माप’ कोणत्या व्याख्येने घेतले हे न ठरवल्यामुळे झालेली असते. म्हणून हा लेख त्या जागांवर अधिक थांबतो.

उदाहरणासाठी दळलेली, कोरडी, साधारण १ मिमीपासून १०० मायक्रोमीटरपर्यंतची क्वार्ट्झ वाळू घेतली आहे. चुनखडी, कोळसा, मीठ किंवा उत्प्रेरकाचे दाणे यांनाही हाच क्रम लागू पडतो. जेथे फरक पडतो तेथे तसे नमूद केले आहे.

टप्पा १: माप कशासाठी हवे आहे ते आधी लिहून काढा

गोल कणाचे माप एका आकड्यात सांगता येते. दळलेल्या दाण्याला लांबी, रुंदी आणि जाडी अशी तीन मापे असतात आणि प्रत्येक पद्धत त्यांतून स्वतःच्या सोयीचे एक निवडते. चाळणीचे चौकोनी छिद्र मुख्यतः कणाची रुंदी तपासते, कारण लांबट कण उभा होऊन छिद्रातून निघून जाऊ शकतो. अवसादन पद्धत त्याच वेगाने खाली बसणाऱ्या गोलाचा व्यास देते. लेझर विवर्तनात तसाच प्रकाश विखुरणाऱ्या गोलांचे वितरण मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली कणाची सावली मोजली जाते. त्यामुळे सुईसारख्या स्फटिकांसाठी लेझरचे माप चाळणीपेक्षा मोठे आले, तर यंत्र बिघडले असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

कोणती सरासरी काढायची, हेही उपयोगावरून ठरते. विरघळण्याचा वेग, अभिक्रियेचा वेग, भरलेल्या थरातील दाब-घट किंवा उष्णतेचे वहन असेल, तर पृष्ठफळ महत्त्वाचे असते आणि तेथे घनफळ-पृष्ठफळ सरासरी व्यास, म्हणजेच साऊटर व्यास, वापरावा. माल किती टक्के ठरलेल्या मापात बसतो एवढेच पाहायचे असेल, तर संचयी वक्र (कोणत्या मापाखाली एकूण किती टक्के माल आहे ते दाखवणारा) आणि त्यावरील डी-१०, डी-५०, डी-९०, म्हणजे ज्यांच्याखाली अनुक्रमे १०, ५० आणि ९० टक्के माल येतो ती मापे, पुरेसे आहेत. कणांची संख्या हवी असेल, तर व्यासाच्या घनाने भागावे लागते आणि मग अगदी बारीक चुराचा एक टक्कादेखील साऱ्या उत्तरावर राज्य करतो.

टप्पा २: नमुना घेणे

ढिगातून वरचेवर खोरे मारून घेतलेला नमुना हा नमुना नव्हे. पट्ट्यावरून किंवा नळीतून वाळू ढिगावर पडते तेव्हा बारीक कण पडण्याच्या जागेखाली मध्यभागी अडकून राहतात आणि जाड दाणे उतारावरून घरंगळत कडेला जातात. पोते ट्रकमधून हादरत आले असेल, तर चिवड्याच्या डब्यात मीठ-मसाला तळाशी उतरतो तसे बारीक कण खाली गेलेले असतात. ढिगाच्या कडेचा नमुना म्हणूनच नेहमी जाड निघतो आणि पोत्याच्या तोंडाचाही.

शक्य असेल तेथे माल वाहता असताना नमुना घ्यावा. पट्ट्याच्या टोकाशी पडणाऱ्या धारेखाली नमुनापात्र एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत सारख्या वेगाने फिरवावे, म्हणजे धारेची पूर्ण रुंदी त्यात येते. असे अनेक छोटे काप ठरावीक वेळाने घेऊन एकत्र करावेत. धारेच्या एका कडेला पात्र धरून बराच वेळ भरत राहणे ही नेहमीची चूक आहे.

माल पोत्यांतच आला असेल, तर नमुना-नळी तोंडापासून तळापर्यंत तिरपी घालून अनेक पोत्यांतून माल घ्यावा. त्यातही वाहत्या धारेइतका विश्वास नाही, हे अहवालात नोंदवावे.

टप्पा ३: नमुना लहान करणे

गोळा केलेले काही किलो चाळणीवर जाऊ शकत नाहीत, त्यामुळे त्यांतून साधारण १०० ग्रॅम वेगळे काढावे लागतात. येथे क्रम महत्त्वाचा आहे.

१. सगळा माल स्वच्छ, गुळगुळीत पृष्ठभागावर ओतून शंकूच्या आकाराचा ढीग करा. प्रत्येक वेळी माल शंकूच्या टोकावरच पडला पाहिजे.

२. शंकू चपटा करून चार सारखे भाग करा, समोरासमोरचे दोन भाग ठेवा आणि दोन बाजूला काढा. ठेवलेल्या भागांचा पुन्हा शंकू करा.

३. फांटे पाडणारी पेटी, म्हणजे रिफल बॉक्स, उपलब्ध असेल तर तीच वापरा. चौथाईपेक्षा ती अधिक भरवशाची आहे. फिरता रिफलर असेल तर त्याहून उत्तम. पेटीत माल ओतताना सगळ्या फटींवर एकसारखा ओता, एका कोपऱ्यातून नको.

४. शेवटी हाती येईल तेवढे वजन तसेच घ्या.

इशारा: नमुना बरोबर १०० ग्रॅम व्हावा म्हणून तागडीवर चमच्याने थोडे काढणे किंवा घालणे सर्रास चालते. चमच्यात सहसा वरचे जाड दाणे येतात, आणि तीन टप्प्यांत मिळवलेले प्रातिनिधिकत्व शेवटच्या पाच ग्रॅमांत जाते. नमुना ९७.४ ग्रॅम असला तरी काही बिघडत नाही. टक्केवारी कोणत्याही वजनावर काढता येते.

टप्पा ४: वाळवणे

ओलसर बारीक कण एकमेकांना आणि जाड दाण्यांना चिकटतात आणि मोठ्या चाळणीवर अडकून राहतात. वाळू १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी आणि डेसिकेटरमध्ये (आत ओलावा येऊ न देणाऱ्या बंद भांड्यात) थंड करावी. गरम नमुना तागडीवर ठेवल्यास वर जाणाऱ्या हवेमुळे वजन कमी दिसते, शिवाय गरम माल चाळणीच्या जाळीलाही चांगला नाही.

जिप्समसारख्या स्फटिकजल असलेल्या पदार्थांना हे तापमान चालत नाही, कारण त्यांचे स्फटिकजलच निघू लागते आणि आपण वेगळाच पदार्थ चाळत बसतो. त्यांना साधारण ४० अंशांवर वेळ देऊन वाळवावे.

वाळल्यावर गुठळ्या झाल्या असतील, तर त्या बोटाने किंवा रबरी दस्त्याने हलकेच मोकळ्या कराव्यात. खलबत्ता वापरू नये, कारण त्यात दाणेच फुटतात.

टप्पा ५: चाळण्या निवडणे आणि तपासणे

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो, आणि त्याचे कारण ‘मेश’ हा आकडा आहे. मेश म्हणजे एका इंचात येणारी छिद्रे. छिद्र केवढे, हे तारेच्या जाडीवरही अवलंबून असते. टाइलर मालिकेतील २०० मेशच्या चाळणीत तार ०.००२१ इंचाची असते, म्हणून छिद्र ०.००२९ इंच, म्हणजे ०.०७४ मिमी उरते. वेगवेगळ्या मानकांत तारांची जाडी वेगळी असल्याने तोच मेश आकडा वेगळे छिद्र दाखवतो. ब्रिटिश मानकातील ३० क्रमांकाच्या चाळणीचे छिद्र ५०० मायक्रोमीटर असते, तर अमेरिकेच्या एएसटीएम मालिकेतील ३० क्रमांकाचे ६०० मायक्रोमीटर. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळांत ‘बीएसएस’ (ब्रिटिश मानक) आणि ‘एएसटीएम’ अशा दोन्ही लेबलांच्या चाळण्या एकाच कपाटात असतात आणि विद्यार्थी दोन्ही एकाच संचात रचतात. चाळणीच्या कड्यावर कोरलेले मायक्रोमीटरमधील छिद्र वाचावे आणि वहीतही तेच लिहावे. भारतीय मानक आयएस ४६० चाळणीची ओळख छिद्राच्या मापानेच करते, आणि हीच रीत पाळावी.

संच निवडताना लगतच्या दोन छिद्रांचे गुणोत्तर सारखे ठेवावे. सर्वसाधारण कामाला दोनाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४१, हे गुणोत्तर योग्य आहे. आपल्या वाळूसाठी १०००, ७१०, ५००, ३५५, २५०, १८० आणि १२५ मायक्रोमीटर अशा सात चाळण्या, खाली तळपात्र आणि वर झाकण हा संच घ्यावा. सर्वांत वरच्या चाळणीवर जवळजवळ काहीच राहू नये आणि तळपात्रात शक्य तितके कमी जावे. एकाच चाळणीवर निम्मा माल अडकत असेल, तर त्या भागात आणखी चाळण्या हव्यात.

प्रत्येक चाळणी उजेडाकडे धरून पाहावी. जाळी मध्ये झोळ खाल्लेली आहे का, कड्याशी जोड सुटला आहे का, एखादी तार सरकून छिद्र मोठे झाले आहे का, हे डोळ्यांना दिसते. बारीक जाळीसाठी भिंग वापरावे. छिद्रांत अडकलेले दाणे टाचणीने ढकलून काढू नयेत. जाड जाळी पितळी मऊ ब्रशने खालच्या बाजूने साफ करावी. बारीक जाळीला केसाचा ब्रश किंवा अल्ट्रासॉनिक बाथ वापरावा.

तपासणी: महिन्यातून एकदा ज्ञात वितरणाचे काचेचे मणी त्याच संचातून चाळावेत. निकाल सरकू लागला की एखादी चाळणी ताणली गेली आहे, हे मालाचा निकाल चुकण्याआधीच कळते.

टप्पा ६: चाळणे, आणि ते कधी थांबवायचे

१. प्रत्येक रिकामी चाळणी आणि तळपात्र ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन करून नोंदवा.

२. सर्वांत मोठे छिद्र वर आणि सर्वांत लहान खाली असा संच रचा. उलटा संच ही गमतीची गोष्ट वाटेल, पण घाईत ती घडते. शेकरवर बसवण्याआधी कड्यांवरील आकडे वरून खाली एकदा मोठ्याने वाचा.

३. नमुना वरच्या चाळणीवर ओता, झाकण लावा आणि संच घट्ट आवळा. सैल संच हलतो पण कण उसळत नाहीत.

४. शेकर दहा मिनिटे चालवा. नुसता फिरणारा शेकर पुरेसा नसतो; वरून ठोका देणारा किंवा उभे कंपन देणारा शेकर अडकलेले दाणे सोडवतो.

५. मग पूर्णतेची परीक्षा घ्या. एकेक चाळणी स्वतंत्र झाकण आणि तळपात्रासह हाताने एक मिनिट चाळा. त्या मिनिटात खाली गेलेला माल मूळ नमुन्याच्या ०.१ टक्क्यापेक्षा कमी असेल, तर चाळणे पूर्ण झाले. आपल्या १०० ग्रॅमांसाठी ही मर्यादा ०.१ ग्रॅमची आहे.

६. जास्त माल खाली येत असेल, तर आणखी पाच मिनिटे चालवा आणि पुन्हा तपासा.

दहा मिनिटे हा नियम नाही, ती सुरुवात आहे. कोळसा, मीठ किंवा ठिसूळ कणिका असतील, तर जास्त वेळ चाळल्याने कण घासून फुटतात आणि तळपात्रातील चूर वाढतच जातो, त्यामुळे परीक्षा कधीच पूर्ण होत नाही. अशा पदार्थासाठी ५, १० आणि १५ मिनिटांचे निकाल शेजारी शेजारी ठेवावेत. फक्त तळपात्र वाढत असेल आणि मधल्या चाळण्या स्थिर असतील, तर कण झिजत आहेत, असे समजावे.

इशारा: ७५ मायक्रोमीटरच्या खाली कोरडे चाळणे भरवशाचे राहत नाही, कारण स्थिर विद्युतभार आणि परस्पर आकर्षण यांमुळे बारीक कणांचे गोळे होतात. माल पाण्यात विरघळत नसेल, तर आधी ७५ मायक्रोमीटरच्या चाळणीवर पाण्याने धुऊन चूर वेगळा करावा, वर राहिलेला भाग वाळवून कोरडा चाळावा आणि धुतलेल्या चुराचे वजन फरकाने काढावे.

टप्पा ७: वजने आणि हिशेब जुळवणे

चाळणीसह वजन करून रिकामे वजन वजा करणे हे माल कागदावर उलटण्यापेक्षा सुरक्षित आहे, कारण अडकलेले दाणेही त्यात मोजले जातात. वजने घेतल्यावर सर्वांची बेरीज मूळ नमुन्याशी ताडून पाहावी. काँक्रीटच्या खडीसाठी एएसटीएम सी १३६ ही पद्धत ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडल्यास तो निकाल माल स्वीकारण्यासाठी वापरू देत नाही. प्रयोगशाळेतही तीच मर्यादा ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. हरवलेला माल जवळजवळ नेहमी चूर असतो, म्हणून तो सगळ्या चाळण्यांवर सारखा वाटून बेरीज १०० करणे चुकीचे आहे. बेरीज मूळ वजनापेक्षा जास्त आली, तर मागच्या प्रयोगाचे दाणे जाळीत राहिले होते, असा अर्थ घ्यावा.

टप्पा ८: गणना

१०० ग्रॅम नमुन्याचा हा नमुनेदार हिशेब पाहावा. डावीकडे दोन चाळण्या, मग त्यांचा सरासरी व्यास, मग राहिलेला माल:

१००० ते ७१०: ८५५ मायक्रोमीटर, १० ग्रॅम
७१० ते ५००: ६०५ मायक्रोमीटर, २४ ग्रॅम
५०० ते ३५५: ४२७.५ मायक्रोमीटर, ३० ग्रॅम
३५५ ते २५०: ३०२.५ मायक्रोमीटर, २० ग्रॅम
२५० ते १८०: २१५ मायक्रोमीटर, ९ ग्रॅम
१८० ते १२५: १५२.५ मायक्रोमीटर, ४ ग्रॅम
तळपात्र, १२५ च्या खाली: ३ ग्रॅम

संचयी वक्र काढताना टक्केवारी चाळणीच्या छिद्रासमोर मांडायची असते, दोन चाळण्यांच्या सरासरीसमोर नव्हे. ५०० मायक्रोमीटरच्या खाली ६६ टक्के आणि ३५५ च्या खाली ३६ टक्के माल आहे, म्हणून डी-५० सुमारे ४२३ मायक्रोमीटर येतो. डी-१० सुमारे २०३ आणि डी-९० हा ७१० आहे. वक्र सरासरी व्यासांसमोर मांडला, तर तो संपूर्ण बाजूला सरकतो आणि डी-५० कमी दिसतो. दुसरी चूक स्तंभालेखात होते: चाळण्यांमधील अंतर सारखे नसताना नुसती टक्केवारी उभी मांडली जाते. ३५५ ची चाळणी संचात नसती, तर ५०० ते २५० या गाळ्यात ५० टक्के दिसले असते आणि तेथे मोठे शिखर असल्याचा भास झाला असता. प्रत्येक टक्केवारीला गाळ्याच्या रुंदीने भागूनच स्तंभ काढावेत.

आता सरासऱ्या. वस्तुमान-सरासरी व्यास म्हणजे प्रत्येक वस्तुमान अपूर्णांक गुणिले त्याचा व्यास, यांची बेरीज. साऊटर व्यास म्हणजे एक भागिले, प्रत्येक अपूर्णांकाला त्याच्या व्यासाने भागून केलेली बेरीज. तळपात्रातील चुराचा व्यास शून्य ते १२५ च्या मध्यावर, म्हणजे ६२.५ मायक्रोमीटर धरला, तर वस्तुमान-सरासरी ४४७ आणि साऊटर व्यास ३२९ मायक्रोमीटर येतो.

येथे थांबून तळपात्राकडे पाहावे. तेथे फक्त ३ टक्के माल आहे. त्याचा व्यास ६२.५ ऐवजी ३० मायक्रोमीटर असेल, तर साऊटर व्यास २८१ होतो. तो १० मायक्रोमीटर असेल, तर साऊटर व्यास १८० वर येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा. त्याच वेळी वस्तुमान-सरासरी ४४७ वरून ४४५ वर येते, जणू काही घडलेच नाही. आणि अनेक वह्यांत दिसते तसे तळपात्र सोडून उरलेल्या ९७ ग्रॅमांवरच गणित केले, तर साऊटर व्यास ३७९ येतो. एकाच प्रयोगातून १८० पासून ३७९ पर्यंतची उत्तरे निघतात, आणि शेकरचा त्यात काही दोष नाही. म्हणून दाब-घट किंवा अभिक्रियेचा वेग काढायचा असेल आणि तळपात्रात एक-दोन टक्क्यांहून जास्त माल असेल, तर त्या चुराचे स्वतंत्र मापन करावे: ओले चाळणे, अवसादन किंवा लेझर विवर्तन यांपैकी एक. ते शक्य नसेल, तर चुरासाठी कोणता व्यास धरला हे उत्तराशेजारी लिहावे.

तपासणी: साऊटर व्यास नेहमी वस्तुमान-सरासरीपेक्षा लहान किंवा फार तर तिच्याइतका असतो. मोठा आला, तर गणितात चूक आहे.

टप्पा ९: आकार ठरवणे

विशिष्ट पृष्ठफळ, म्हणजे एक किलो मालाचे एकूण पृष्ठफळ, काढण्यासाठी आकाराची जोड लागते. ते ६ भागिले, स्फेरिसिटी (कण गोलाच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा) आणि कणाची घनता यांचा गुणाकार, आणि त्याला साऊटर व्यासासाठी वर केलेल्या, अपूर्णांक भागिले व्यास यांच्या बेरजेने गुणणे, असे निघते. क्वार्ट्झची घनता २६५० किलो प्रति घनमीटर आणि स्फेरिसिटी ०.६५ धरल्यास आपल्या नमुन्याचे विशिष्ट पृष्ठफळ सुमारे १०.६ चौरस मीटर प्रति किलो येते. कण गोल मानून स्फेरिसिटी १ धरली, तर तेच ६.९ येते. ‘आकडा मिळाला नाही म्हणून १ घेतला’ या वाक्याची किंमत एवढी आहे.

तक्त्यांतून स्फेरिसिटी घेताना एक सापळा आहे. स्फेरिसिटी म्हणजे ६ भागिले व्यास, आणि त्याला कणाच्या पृष्ठफळ-घनफळ गुणोत्तराने भागणे. यातील ‘व्यास’ कोणता, यावर उत्तर बदलते. घनाची बाजू हाच व्यास मानला तर घनाची स्फेरिसिटी १ येते. तेवढ्याच घनफळाच्या गोलाचा व्यास घेतला तर ०.८०६ येते. दोन्ही आकडे पुस्तकांत छापलेले आढळतात आणि दोन्ही आपापल्या व्याख्येनुसार बरोबर आहेत. तक्त्यातील मूल्य ज्या व्याख्येचे आहे, त्याच व्याख्येचा व्यास सूत्रात घालावा. अंदाजासाठी गोलसर वाळूला सुमारे ०.८३, कोळशाच्या चुराला ०.७३, फोडलेल्या काचेला ०.६५ आणि अभ्रकाच्या पापुद्र्यांना ०.२८ ही रूढ मूल्ये घेतली जातात.

स्वतः मोजायचे असेल, तर दोन मार्ग आहेत.

*सूक्ष्मदर्शकाचा मार्ग.* आधी स्टेज मायक्रोमीटरने प्रमाण ठरवावे, म्हणजे एका पिक्सेलला किती मायक्रोमीटर हे त्याच भिंगावर मोजावे. कण एकमेकांना न चिकटता पसरावेत आणि दृश्यक्षेत्रे आधीच ठरवून घ्यावीत. सुबक दिसणारे कण शोधत फिरू नये. काहीशे कण मोजल्याखेरीज वितरणाबद्दल बोलू नये. वर्तुळता ही ४π गुणिले क्षेत्रफळ भागिले परिमितीचा वर्ग अशी काढतात, आणि येथे परिमितीच दगा देते. पिक्सेलच्या पायऱ्या मोजून परिमिती काढली, तर अचूक वर्तुळाचीसुद्धा वर्तुळता १ ऐवजी ०.६१७ येते. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर वापरण्याआधी त्यावर काचेचे गोल मणी मोजून पाहावेत. उत्तर १ च्या जवळ येत नसेल, तर परिमितीची पद्धत बदलावी.

वर्तुळता म्हणजे स्फेरिसिटी नव्हे. कण काचपट्टीवर आपल्या सर्वांत रुंद बाजूवर पडतो. अभ्रकाची गोल चकती वरून पूर्ण वर्तुळ दिसते, पण तिची जाडी दिसतच नाही. शिवाय हे संख्येचे वितरण आहे. ५०० मायक्रोमीटरच्या एका कणाचे वजन ५ मायक्रोमीटरच्या दहा लाख कणांइतके असते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाची सरासरी आणि चाळणीची सरासरी थेट ताडून पाहू नयेत. ६.३ मिमीहून मोठ्या खडीला सूक्ष्मदर्शकाची गरज नाही; तेथे आयएस २३८६ च्या पहिल्या भागातील चपटेपणा आणि लांबटपणाचे गेज वापरावेत. सरासरी मापाच्या ०.६ पटीपेक्षा कमी जाडीचा दाणा चपटा आणि १.८ पटीपेक्षा जास्त लांबीचा दाणा लांबट धरला जातो.

*दाब-घटीचा मार्ग.* प्रवाहाच्या गणितासाठी स्फेरिसिटी हवी असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन, कारण तो आकाराचा तोच परिणाम मोजतो जो आपल्याला वापरायचा आहे. क्रम असा ठेवावा:

१. लगतच्या दोन चाळण्यांमधील एकच गाळा, समजा ५०० ते ३५५, पुरेशा प्रमाणात जमवा. संपूर्ण मिश्र माल वापरू नका.

२. घनता बाटलीने कणांची घनता मोजा. बाटलीतील हवेचे बुडबुडे उकळून किंवा निर्वात करून काढा.

३. नळीचा व्यास कणाच्या किमान दहापट, शक्यतो वीसपट ठेवा, नाहीतर भिंतीलगतच्या मोकळ्या वाटेने हवा निसटते.

४. माल थोडा थोडा ओतून, सारखे ठोके देऊन थर भरा. थराचे वजन, उंची आणि नळीचे क्षेत्रफळ यांवरून पोकळीचा अंश, म्हणजे थराच्या घनफळातील मोकळ्या जागेचा वाटा, काढा.

५. कमी वेगाने कोरडी हवा सोडा आणि निदान पाच-सहा वेगांवर दाब-घट नोंदवा. आलेख मूळबिंदूतून जाणारी सरळ रेषा असेल तोपर्यंतच कोझेनी-कारमन समीकरण (संथ प्रवाहात दाब-घटीचा वेग, कणाचा व्यास आणि पोकळी यांच्याशी संबंध सांगणारे) लागू आहे. रेषा वर वळू लागली, तर जास्त वेगांनाही लागू पडणारे पूर्ण एर्गुन समीकरण वापरा.

६. रेषेच्या उतारावरून स्फेरिसिटी काढा. व्यास म्हणून त्या गाळ्याचा चाळणी-व्यासच घाला.

इशारा: पोकळीचा अंश हा या पद्धतीतील सर्वांत नाजूक आकडा आहे. तो ०.४० ऐवजी ०.४२ लिहिला गेला, तर स्फेरिसिटी सुमारे १० टक्क्यांनी कमी येते. थराची उंची चारी बाजूंनी वाचावी आणि मोजमाप झाल्यावर पुन्हा वाचावी. हवेमुळे थर खाली बसला असेल, तर ते वाचन रद्द करावे. सिमेंटच्या बारीकपणाची ब्लेन चाचणी याच तत्त्वावर चालते, आणि तिच्यातही थर दरवेळी ठरलेल्या पोकळीपर्यंतच दाबला जातो तो यासाठीच.

टप्पा १०: अहवाल

फक्त ‘सरासरी व्यास ३२९ मायक्रोमीटर’ असे लिहिणारा अहवाल दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही. पुढील बाबी प्रत्येक वेळी लिहाव्यात: नमुना कोठून आणि कसा घेतला, कसा लहान केला, वाळवण्याचे तापमान, चाळण्यांची छिद्रे मायक्रोमीटरमध्ये आणि त्यांचे मानक, शेकरचा प्रकार, वेळ आणि शेवटच्या मिनिटाच्या परीक्षेचा निकाल, हरवलेल्या मालाची टक्केवारी, कोणती सरासरी काढली, तळपात्रातील चुरासाठी कोणता व्यास धरला, आणि स्फेरिसिटी मोजली की तक्त्यातून घेतली, व तिची व्याख्या कोणती.

मोजमाप किमान दोन स्वतंत्र उप-नमुन्यांवर करावे. एकाच उप-नमुन्याला दुसऱ्यांदा चाळले तर फक्त शेकरची पुनरावृत्ती कळते, नमुना घेण्यातील चूक कळत नाही. दोन उप-नमुन्यांच्या डी-५० मध्ये लक्षणीय फरक आला, तर चाळण्या बदलण्याआधी टप्पा ३ कडे परत जावे. रिफल बॉक्समध्ये बाजूला पडलेला उरलेला अर्धा भाग निकाल मान्य होईपर्यंत बंद बरणीत, तारीख आणि पोत्याचा क्रमांक लिहून जपून ठेवावा.